बाळंतपणांचा इतिहास कोण लिहिणार?



या पानावर आपण एरवी रक्तवाढीच्या गोळ्या, बीपी, साखर, बाळाची लस असं वाचता. या महिन्यात आम्ही इतिहास घेऊन आलो आहोत. आरोग्याच्या पानावर इतिहासाचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण नर्सिंगच्या डिप्लोमाला वॉर्डात आधी शिकवतात ते 'हिस्टरी घ्यायला'च. बाई तपासणीला आली की विचारायचं: किती वेळा दिवस राहिले, किती बाळंतपणं झाली, किती वेळा पोट पडलं, आज मुलं किती? केसपेपरवर त्याची एक ओळ होते. जी सहा, पी पाच, ए एक, एल तीन. म्हणजे सहा वेळा गरोदर, पाच बाळंतपणं, एक गर्भपात, हयात मुलं तीन. पाचांतली दोन कशानं गेली, आणि त्या सहा वेळांपैकी एकदा तरी बाईला कुणी विचारलं होतं का, यासाठी केसपेपरवर रकाना नाही.

तो रकाना भरायचं काम आम्ही काही जणी वस्त्यांमधल्या विहारांतून करतो. वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन संपलं की बायका लगेच उठत नाहीत. पोरं बाहेर खेळत असतात, कुणीतरी चहा टाकलेला असतो. तो अर्धा तास आम्ही मागून घेतो. मूल कधी, किती, आणि व्हावं की नको, हे ठरवायचा बाईचा हक्क कुणी मागितला, कुणी नाकारला, कुणी हिसकावून घेतला, ते सांगतो. मग त्यांच्याकडून ऐकतो. अर्ध्या तासाचे दोन तास होतात ते ऐकण्यामुळे.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या घरापासून करतो. भीमाईंची हिस्टरी केसपेपरच्या भाषेत घेतली तर मुलं झाली चौदा. त्या गेल्या तेव्हा भीमराव जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते आणि चौदांपैकी मागे उरली पाच: बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. रमाईंची हिस्टरी घेतली तर बाळंतपणं पाच, हयात एक. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं लहानपणीच गेली, यशवंतराव तेवढे वाचले. राजरत्न गेला १९२६ साली. रमाई गेल्या २७ मे १९३५ ला. रमाईंचा त्याग आपण दर जयंतीला गाण्यांतून ऐकतो, शेणाच्या गोवऱ्यांचं ऐकतो. पण एका बाळंतपणातून शरीर सावरायच्या आत दुसऱ्यांदा दिवस गेले तर अंगातलं रक्त किती उतरतं, बाळ कमी वजनाचं का होतं, अंगावर पितं मूल गेलं तर आईचं काय होतं, हे त्या गाण्यांत नसतं. आम्ही ते सांगतो तेव्हा विहारात शांतता पसरते, आणि मग कोपऱ्यातून एखादी आजी म्हणते, "माझी पण तीन गेली."

हमखास येणारा एक प्रश्न असतो. तो बहुतेक दारात उभ्या असलेल्या एखाद्या दादांचा असतो. भीमाईनं संततिनियमन केलं असतं तर बाबासाहेब जन्मले असते का? प्रश्न खोचक आहे, पण आम्ही तो टाळत नाही. एकदा एका ताईनंच परस्पर उत्तर दिलं, "दादा, तुम्ही चौदावा मोजताय, आम्ही गेलेली नऊ मोजतोय." आणि खरं तर या प्रश्नाचं उत्तर खुद्द त्या चौदाव्या मुलानंच देऊन ठेवलं आहे.

१० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभा. स्वतंत्र मजूर पक्षाचे नगरकडचे आमदार पी. जे. रोहम बाबासाहेबांच्या वतीनं एक ठराव मांडायला उभे राहिले. ठरावातली मागणी दोनच गोष्टींची होती: सरकारनं सामान्य जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा, आणि ते करता यावं म्हणून पुरेशी सोय करून द्यावी. भाषण लांब आहे. त्यात गरिबी आहे, बेकारी आहे, बाळंतपणात मरणाऱ्या आया आणि वर्षाच्या आत मरणारी बाळं आहेत. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला त्यांच्यातला कुणी तयार झाला नसता, असा टोलाही आहे. विहारात हे वाचलं की बायका इतक्या हसतात की पुढचं वाक्य दोनदा वाचावं लागतं. आणि पुढचंच वाक्य महत्त्वाचं आहे. त्याचा आशय असा, की बाईला कोणत्याही कारणानं मूल नको असेल तर ते टाळणं तिच्या हातात असलं पाहिजे, आणि मूल जन्माला घालणं हे सर्वस्वी तिच्या मर्जीवर असलं पाहिजे. सासूच्या नाही, नवऱ्याच्या नाही, सरकारच्याही नाही. (ही शेवटची पुस्ती आमची.)

ठराव मोठ्या बहुमतानं फेटाळला गेला.

त्या काळात हे बोलणं किती अवघड होतं, ते समजायला र. धों. कर्वे यांच्याकडे जावं लागतं. त्यांनी १९२१ साली मुंबईत गिरगावात संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यांच्या पत्नी मालतीबाई त्या कामात बरोबरीनं होत्या. या प्रचारापायी कर्व्यांची कॉलेजातली प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते १९५३ साली जाईपर्यंत. वाचक लैंगिक गोष्टींबद्दल प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली कोर्टात कर्व्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आज आशाताई निरोधची पाकिटं घरोघर देते, तेव्हा त्यामागे हा दंड भरलेला असतो.

आणखी दहा वर्षं मागे गेलं तर २८ जुलै १९२८ ची तारीख सापडते. मुंबई कायदे कौन्सिलात गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी सुट्टी देण्याचं बिल आलं होतं. बाबासाहेबांनी पाठिंबा देताना म्हटलं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. म्हणून खर्चाचा भार सरकारनं उचलावा हे बरोबर, पण मालकाचीही सुटका नाही, कारण बायका कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. आज २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे आणि तिसऱ्यापासून १२. तीही दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत. आपल्या वस्तीतून सकाळी सातला चार घरची धुणीभांडी करायला निघणारी ताई यात कुठं बसते? कुठंच नाही. सातव्या महिन्यात ती काम सोडते आणि बाळंतीण होऊन परत गेली तर घर दुसरीला दिलेलं असतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. मोबाईलवर दर १४ एप्रिलला फिरतं की बाळंतपणाची रजा बाबासाहेबांनी आणली, संततिनियमनावर विधानसभेत बाबासाहेब बोलले. १९२८ चं बिल त्यांनी मांडलेलं नव्हतं, त्यांनी त्याला ताकद दिली. १९३८ ला सभागृहात उभे राहिले ते रोहम. हे असं अचूक सांगितलं तर बाबासाहेब कमी होतात का? उलट दिसतं की हा पक्षाचा विचार होता आणि पक्षातले इतर लोक तो उघडपणे मांडायला तयार होते. आम्ही चुकीचं सांगितलं आणि उद्या कुणी वाचणाऱ्या मुलीनं मूळ पान काढून दाखवलं, तर ती आमचं बाकीचंही मानणार नाही. मूळ पान मिळायला अवघड नाही. महाराष्ट्र शासनानं छापलेल्या 'राइटिंग्ज अँड स्पीचेस'च्या दुसऱ्या खंडात दोन्ही भाषणं आहेत. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरून आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरून आणलेले हे खंड आपल्या कितीतरी घरांत काचेच्या कपाटात आहेत. इंग्रजी आहे, पण घरात कॉलेजला जाणारं कुणीतरी असतंच. त्याला किंवा तिला वाचायला बसवा.

२० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायकांसमोर बाबासाहेबांनी सांगितलं की लग्नाची घाई करू नका, आणि फार मुलं होऊ देणं हा गुन्हा समजा. हे ऐकून एका वस्तीतल्या एका शिकलेल्या भावानं आम्हाला विचारलं, "मग नसबंदीच्या गाड्या आल्या त्यात चूक काय होतं? बाबासाहेबांचंच तर म्हणणं होतं."

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९३८ चा ठराव पुन्हा वाचा. त्यात 'सोय' मागितली आहे, सक्ती नाही. भाषणात लोकसंख्येचं आणि गरिबीचं गणित बरंच आहे, आणि पुढे तेच गणित गरिबांच्याच अंगावर आलं, म्हणून तो भाग वाचताना आम्ही मुद्दाम थांबतो. पण निर्णय कुणाचा, याबद्दल भाषणात संशयाला जागा नाही. स्वतंत्र भारतानं १९५२ साली कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ठरावातली सोय खरोखर वस्तीपर्यंत यायला लागली. आणि हळूहळू तिच्या पाठोपाठ आकडा आला. आणीबाणीत त्या आकड्यानं कळस गाठला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. शहा आयोगाच्या अहवालात १,७७४ मृत्यूंची नोंद आहे. आपल्या महाराष्ट्र विधिमंडळानं तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. ज्यांच्यामागे कुणी वजनदार माणूस नव्हता ते लोक यात आधी सापडले, हे सांगायला पुस्तक लागत नाही. वस्तीतल्या कुठल्याही सत्तरीच्या बाबांना विचारा.

१९७७ नंतर 'कुटुंब नियोजना'चं 'कुटुंब कल्याण' झालं आणि पुरुषांच्या रागाला घाबरून सगळा भार बायकांवर सरकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास ३८ टक्के बायकांनी ऑपरेशन केलेलं आहे. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेली जोडपी ०.३ टक्के. महाराष्ट्रात बायकांचा आकडा निम्म्याच्या आसपास आहे. आणि पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं आणि कमी धोक्याचं असतं, हे आम्ही नर्स म्हणून छातीठोकपणे सांगतो. १९९६ ला सरकारनं लक्ष्य काढून टाकलं. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा त्याच आकड्याला नुसतं वेगळं नाव होतं. मार्च जवळ आला की एका दवाखान्यात विचारणा व्हायची, "किती केसेस आणल्या?" केस म्हणजे बाई.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली. १३ जणी मेल्या. १४ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं देविका बिस्वास प्रकरणात सांगितलं की अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा. बीडकडची गोष्ट तर आपल्याच नात्यागोत्यातली आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, खाडा झाला की पैसे कापले जाणार, मग पाळीचा त्रास घेऊन थांबायचं कसं? २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. इथे कुणी हात धरून ओढत नेलं नव्हतं. सही तर तिनंच केली होती. पण अंगावर उचल असताना केलेली सही मर्जीची धरायची का?

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मिसिसिपीमध्ये कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर या काळ्या बाई १९६१ साली पोटातली गाठ काढायला दवाखान्यात गेल्या आणि त्यांना न विचारता त्यांची पिशवीच काढली गेली. पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात त्या मोठ्या नेत्या झाल्या आणि ही गोष्ट त्यांनी जाहीर सांगितली. काळ्या बायकांनीच १९९४ साली शिकागोला एकत्र बसून या सगळ्याला एक नाव दिलं, आपण त्याला प्रजनन न्याय म्हणू. मूल नको म्हणायचा हक्क, मूल हवं म्हणायचा हक्क, आणि झालेलं मूल माणसासारखं वाढवता येण्याचा हक्क, असे तिन्ही त्यात आहेत. तिसरा हक्क ऐकला की वस्तीतल्या बायका नळाबद्दल, संडासाबद्दल, पाडापाडीच्या नोटिशीबद्दल बोलू लागतात. विषय भरकटला असं आम्हाला तेव्हा वाटत नाही.

आता तुमच्या घरातला इतिहास. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढलं. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातली बाळंतपणं लिहून ठेवली, तीही घरच्यांपासून लपवून. त्यांनी लिहिलं नसतं तर ते कुठल्या सरकारी दफ्तरात सापडलं असतं? आम्ही त्याच वाटेनं जातो. सोबत एक वही असते.

आजींना साल आठवत नाही. "कधी झालं?" विचारलं की त्या हसतात. म्हणून आम्ही साल विचारतच नाही. धर्मांतराच्या आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात पोटात होतं की कडेवर? गिरणीचा संप चालू होता का? नामांतर झालं तेव्हा धाकटा शाळेत जायचा का? असं विचारलं की तारखा आपोआप लागत जातात. बाळंतपण कुणी केलं, नाळ कशानं कापली, किती दिवसांनी कामावर गेली, ऑपरेशन 'टाक्याचं' की 'बिनटाक्याचं', सही कुणी केली, पैसे किती मिळाले आणि ते कुणी घेतले, हे सगळं त्या सांगतात. एक नियम आम्ही मोडत नाही: बाई एकटी असतानाच विचारायचं. सून, मुलगा, नवरा कुणी आलं की वही बंद करून चहाबद्दल बोलायचं. पडलेल्या किंवा पाडलेल्या पोटाची गोष्ट तिनं चाळीस वर्षं कुणाला सांगितलेली नसते, आणि ती घरात फुटली तर भोगावं तिलाच लागतं. नाव लिहीत नाही.

ट्रंकेतले कागदही बघा. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जुनं डिस्चार्ज कार्ड, नसबंदीचा दाखला, सोनोग्राफीचा कागद निघतो. ते फेकू नका. दाखल झालेल्या पेशंटचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं सांभाळायचे आणि मागितल्यापासून ७२ तासांत प्रत द्यायची, असा २००२ चा नियम आहे. तीन वर्षांनंतर दवाखान्यात काही मिळेलच असं नाही, मग पुरावा उरतो तो तुमच्या ट्रंकेतला. आमच्याकडे एक ताई आली होती. बाळंतपणानंतर दोन वर्षं पाठ आणि ओटीपोट दुखायचं. कार्ड वाचलं तर त्यात तांबी बसवल्याची नोंद इंग्रजीत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हा इतिहास सांगता सांगता आजचंही सांगतो. कळा चालू असताना किंवा गुंगीत घेतलेल्या सहीला संमती म्हणत नाहीत. फॉर्म मराठीत मागा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, मगच अंगठा. सज्ञान बाईच्या नसबंदीला नवऱ्याची सही लागत नाही. गर्भपातालाही सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, आणि २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत लागतं. लग्न झालेलं नसलं तरी. "नवऱ्याला घेऊन ये" असं म्हणून कुणी परत पाठवलं तर कोणत्या नियमानं ते लिहून द्या, एवढंच म्हणायचं. पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी दवाखान्यात, दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. पांढरं जातं किंवा पाळी जास्त जाते, एवढ्यावर पिशवी लगेच काढायची नसते, आधी औषधं असतात.

वहीत लिहिलेलं आम्ही त्या त्या बाईला परत वाचून दाखवतो. मागच्या वर्षावासात एका आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग दोन ओळींवर बोट ठेवून त्या काढायला सांगितल्या, आणि एक नाव नव्यानं घालायला सांगितलं. दीड महिन्याची होऊन गेलेल्या मुलीचं नाव. रेशनकार्डावर ते कधी चढलंच नव्हतं.